परवानाधारक शिकाऱ्याची उमेदवारी

पराक्रमाचा आरंभ वाकून पाला उपटण्याने होतो, ही गोष्ट वीररसाच्या तमाम ग्रंथकारांनी वाचकांपासून दडवून ठेवली. ती चव्हाट्यावर आणण्याचे श्रेय कॅपकॉम नावाच्या एका जपानी कंपनीला द्यावे लागेल. या कंपनीने अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा जो खेळ काढला, त्याची कीर्ती ऐकून, आपण आता स्वतःच्या उंचीएवढी तलवार खांद्यावर टाकून ज्वाळा ओकणाऱ्या महाकाय पक्षिराजांवर तुटून पडणार, अशा समजुतीने जो गृहस्थ यंत्र हाती घेतो, तो पहिले कित्येक तास डोंगरउतारावर गुडघे टेकून औषधी पाला, निळी भूछत्रे, मध आणि किडे गोळा करीत असतो, आणि त्यातही किडे पकडण्याचे जाळे ऐन वेळी फाटले म्हणून हळहळत असतो.

‘मॉन्स्टर हंटर’ हे त्या खेळाचे नाव. 2004 साली प्लेस्टेशन 2 या यंत्रासाठी तो जपानात प्रथम निघाला; पण त्याचा खरा बोलबाला झाला तो पुढे, खिशात मावणाऱ्या पीएसपीवर त्याचे आगमन झाल्यानंतर. 2008 च्या मार्चमध्ये जपानात निघालेला आणि पुढच्या वर्षी ‘फ्रीडम युनाइट’ या नावाने पाश्चात्त्य देशांत पोहोचलेला भाग हा जुन्या जाणकारांच्या लेखी या घराण्याचा कुलदीपक होय, आणि एकट्या जपानात त्याच्या 40 लाखांहून अधिक प्रती खपल्या. इतक्या सुजाण माणसांनी पदरचे पैसे खर्चून इतका जाच स्वखुशीने का सोसला असेल, हा प्रश्न मला त्यातील कोणत्याही श्वापदापेक्षा अधिक बिकट वाटतो. आणि त्या जाचाचा उत्कृष्ट अंश खेळाच्या आरंभीच वाट्याला येत असल्यामुळे येथे मी आरंभापुरतेच लिहिणार आहे.

पोक्के नावाच्या एका हिमाच्छादित गावात आपल्या नायकाची नेमणूक होते. गावाच्या मध्यभागी शेकोटी पेटलेली असते आणि तिच्याशेजारी एक अगदी एवढीशी म्हातारी उभी असते. ती या गावची मुखिया. कोणाला काय हवे आहे याच्या सर्व अर्जांचे दप्तर तिच्या स्वाधीन असून, शिकारीस निघण्यापूर्वी शिकाऱ्याने त्यातला एक अर्ज निवडावा, कराराची फी आगाऊ भरावी आणि मगच गावाबाहेर पाऊल टाकावे, असा शिरस्ता आहे. प्रत्येक अर्जावर अर्जदाराचे नाव आणि त्याची कैफियत असते. ती वाचण्याचे कष्ट फार थोडे शिकारी घेतात, पण ज्याला मानवी स्वभावाची आवड आहे त्याने ती अवश्य वाचावी, कारण पीक तुडवले गेल्याची रास्त तक्रार आणि कोणा श्रीमंताच्या जिभेचे चोचले यांना या दप्तरात अगदी समान दर्जा मिळालेला आढळतो. कामाची मुदत बहुधा 50 मिनिटांची. मुदतवाढीची तजवीज नाही. मोहिमेत शिकारी बेशुद्ध पडला तर दोन पायांवर चालणारी मांजरे त्याला एका हातगाडीवर टाकून छावणीपर्यंत धावत आणतात आणि यत्किंचितही हळुवारपणा न दाखविता जमिनीवर ओततात. प्रत्येक खेपेस इनामाचा तिसरा हिस्सा कापला जातो, आणि तिसऱ्या खेपेनंतर कापण्यास हिस्साच उरत नाही म्हणून मोहीमही बरखास्त होते. मृत्यू नाही, शोक नाही, स्मारक नाही. फक्त वजावट आहे. वीरमरणाची इच्छा बाळगून आलेल्या माणसाचा यापेक्षा थंड उपमर्द कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

पहिली कामे मामुली असतात. पहाडावरची वनस्पती आणून द्या, पोपो नावाच्या लोकरी हत्तीसदृश प्राण्याचे मांस आणून द्या, गियाप्रे नावाचे पांढरे, उड्या मारणारे, चावरे सरडे अमुक संख्येने कमी करा. ही कामे करता करता आपल्याला या जगाचा जमाखर्च कळू लागतो. पाला आणि निळे भूछत्र एकत्र केले की औषधाची बाटली तयार होते. त्या बाटलीत मध घातला की अधिक गुणकारी बाटली होते. मात्र हे मिश्रण दर वेळी साधेलच अशी हमी नसून, न साधल्यास हाती जो पदार्थ येतो त्याचे नाव निर्मात्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता ‘कचरा’ असे ठेवले आहे. हा कचरा पिशवीत रीतसर जागा अडवितो. बाटल्या 10 पेक्षा अधिक बाळगता येत नाहीत. लोखंडी कुदळ खनिज फोडता फोडता मोडते, आणि ती नेमकी तेव्हा मोडते जेव्हा खडकात अजून काहीतरी चकाकत असते. काळी मांजरे मागून येऊन पिशवीतला जिन्नस लांबवितात, आणि पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत जमिनीत गडप होतात.

मांस भाजण्याचा प्रसंग जरा निवांतपणे सांगण्यासारखा आहे. शिकाऱ्याची दम धरण्याची शक्ती वेळ जाईल तशी आखडत जाते, आणि ती पूर्ववत करण्यासाठी भाजलेले मांस खावे लागते. ते बाजारात तयार घेण्याऐवजी रानात स्वतः भाजावे अशी वहिवाट आहे. शिकारी चुलाण मांडतो, स्टुलावर बसतो, हाडासकट मांसाचा गोळा सळईवर चढवितो आणि दांडा फिरवू लागतो. त्याबरोबर एक खुळखुळते, निरागस, बालवाडीत शोभेल असे संगीत सुरू होते. मांसाचा रंग लालसर असतो, मग तो तांबूस होतो, मग संगीत संपते. आणि संगीत संपल्यानंतर एक अतिसूक्ष्म क्षण असा येतो की त्या क्षणी दांडा थांबविला तर मांस सोनेरी भाजले जाते आणि शिकारी ते उंच धरून विजयघोष करतो. अलीकडे थांबले तर कच्चे, पलीकडे थांबले तर कोळसा. पूर्णतः सपाट, पांढऱ्याशुभ्र बर्फावर, आसपास एकही शत्रू नसताना, एखादा प्रौढ, कमावता मनुष्य श्वास रोखून त्या सुरावटीचा शेवटचा टणत्कार ऐकण्यासाठी यंत्राला कान लावतो, तेव्हा निर्मात्यांनी त्याला कोणत्या पाठशाळेत आणून बसविले आहे याची कल्पना यावी.

ही पाठशाळा आहे, हीच तर खरी मेख आहे. इतर बहुतेक खेळांत नायकाला सेवाज्येष्ठतेने बढती मिळते. शंभर उंदीर मारले की तो आपोआप बलवान होतो, आणखी शंभर मारले की अधिक बलवान, आणि पुरेसे उंदीर मारण्याची चिकाटी असलेला कोणीही ठोंब्या अखेर राक्षसाला चीत करतो. येथे ती सवलत नाही. शिकाऱ्याची प्राणशक्ती पहिल्या दिवशी 100 असते आणि शंभराव्या श्वापदाचे चामडे सोलून झाल्यावरही ती मुळात 100 च असते. स्वयंपाकी मांजरांच्या हातचे भरपेट जेवल्यास ती 150 पर्यंत चढते, पण तेवढ्या मोहिमेपुरती, आणि हातगाडीवरून परत येताच तीही जप्त होते. अनुभवाची नोंद ठेवणारा रकाना खेळात नाही. तलवार बदलते, चिलखत बदलते, ही गोष्ट खरी. पण ती पोलादी तलवार पेलणारा हात कधी उचलावा आणि कधी उचलू नये, हे शिकण्याचे काम यंत्राने संपूर्णपणे यंत्राबाहेरच्या माणसावर सोपविले आहे. बढती होते ती त्याची, आणि तिचा हुकूम कोठेही छापून येत नाही.

या अध्यापनाची पद्धत अशी की, येथे प्रत्येक कृतीला तिचा न्याय्य वेळ लागतो आणि एकदा हाती घेतलेली कृती मध्येच सोडता येत नाही. मोठी तलवार उगारली की ती खाली येईपर्यंत शिकारी तिचा ताबेदार असतो. औषध प्यायचे तर बहुतेक शस्त्रांच्या बाबतीत हातातले शस्त्र आधी पाठीवर अडकवावे लागते, मग उभे राहावे लागते, मग बाटली वर करून शेवटच्या थेंबापर्यंत गटागटा प्यावी लागते, आणि एवढे झाल्यावर, ज्याची आवश्यकता कोणत्याही वैद्यकशास्त्राने आजवर प्रतिपादिलेली नाही असा एक व्यायामपटूचा आविर्भाव, दोन्ही मुठी आवळून आणि छाती पुढे काढून, करावाच लागतो. नवशिक्या शिकाऱ्याला या आविर्भावाचे महत्त्व बुलफँगो शिकवितो. बुलफँगो हे साधे रानडुक्कर; ना त्याला पंख, ना तो आग ओकतो, ना त्याच्या कातड्याला बाजारात म्हणावा असा भाव. परंतु ते डुक्कर जमीन उकरीत उभे असते, शिकारी त्याच्याकडे पाठ करून बाटली तोंडाला लावतो, बाटली संपते, मुठी आवळल्या जातात, चेहऱ्यावर आरोग्याचे तेज झळकू लागते, आणि त्याच क्षणी ते डुक्कर कंबरेत येऊन आदळते व आविर्भावासकट शिकाऱ्याला बर्फात लोळविते. तो उठतो. गेलेली शक्ती भरून काढण्यासाठी दुसरी बाटली काढतो. डुक्कर पुन्हा जमीन उकरू लागते.

धार लावण्याचेही तसेच. प्रत्येक शस्त्राच्या धारेला रंगांची उतरंड आहे. तळाशी लाल, मग नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी, जांभळी. आणि उमेदवारीच्या काळातील लोखंडी शस्त्रे हिरव्या रंगाशी ओझरती ओळख करून देऊन लगेच पिवळ्यावर घसरतात. धार उतरली की कठीण कवचावर घाव बसत नाही, तलवार खणकन मागे उसळते आणि शिकाऱ्याचे दोन्ही हात हवेत उघडे पडतात. मग गुडघ्यावर बसून सहाणेवर ते पाते घासत राहायचे. घासणे पूर्ण होईपर्यंत मान वर करून पाहण्याचीदेखील परवानगी नाही. शत्रूची शक्ती किती उरली हे दाखविणारी पट्टी पडद्यावर कोठेही नाही. तो लंगडू लागला तर समजावे की आपले काही चुकत नाही. शत्रू दुसऱ्या विभागात उडून गेला तर आधी त्याच्या अंगावर रंगाचा गोळा फेकलेला असला पाहिजे, नाहीतर त्याचा पत्ता नकाशावर लागत नाही, आणि मुदतीतली मिनिटे त्याला हुडकण्यात वितळून जातात. भरीस भर म्हणजे पीएसपीवर चालण्याची कळ आणि पाहण्याची कळ दोन्ही डाव्याच हाताला. सबब, एकाच वेळी पळता यावे आणि मागून काय येत आहे तेही दिसावे म्हणून खेळाडूंनी अंगठ्याने चालायचे आणि तर्जनी वाकवून, नखासारखी वरून आणून, पाहायचे, अशी एक मूठ शोधून काढली. ती मूठ पाहून कोणाही त्रयस्थाला वाटेल की या गृहस्थाला संधिवाताचा झटका आला आहे.

इतकी मशागत झाल्यानंतर गुरुजी अवतरतात. यियान कुट-कू हा एक मोठा थोरला, गुलाबी, पंखधारी पक्षी. चोच होडीएवढी, कान उघडल्या पंख्यासारखे, चालणे एखाद्या वरिष्ठ अंमलदाराच्या फिरतीसारखे उगाच घाईचे. जपानातील खेळाडूंनी त्याला ‘सेन्सेई’ म्हणजे चक्क गुरुजी ही पदवी बहाल केलेली आहे, आणि तीत थट्टा जेवढी आहे त्याहून अधिक कृतज्ञता आहे. प्रथमदर्शनी हा प्राणी हास्यास्पद वाटतो. तो शिकाऱ्याच्या अंगावर धावत येतो आणि धावता धावता तोल जाऊन तोंडावर सपशेल पडतो. तो जमिनीत चोच खुपसून किडे वेचतो. जवळच मोठा आवाज झाला तर त्या कानांमुळे तो जागच्या जागी बधिर होऊन उभा राहतो, म्हणून ध्वनिगोळा त्याच्यावर लागू पडतो. परंतु तो तोंडावर पडतो तेव्हा त्याच्या पुढ्यात उभा असलेला उमेदवारही त्याच्याबरोबर पडतो, आणि दोघांपैकी पक्षी आधी उठतो. ध्वनिगोळ्याने आलेली बधिरता उतरली की त्याचा पारा चढतो, तोंडातून ठिणग्या फुटू लागतात, आणि मघापर्यंत विनोदी वाटणाऱ्या त्याच हालचाली तो अशा वेगाने करू लागतो की उमेदवाराला पळता भुई थोडी होते.

मात्र या दंगलीत जो चार वेळा गाडीवरून परत आला, त्याच्या ध्यानात हळूहळू एक गोष्ट येते. गुरुजी काहीही अकस्मात करीत नाहीत. अग्निगोळा थुंकण्यापूर्वी ते मान मागे घेतात. शेपटी फिरविण्यापूर्वी पाय रोवतात. धावून झाल्यावर पडतात, आणि पडल्यावर उठेपर्यंत त्यांच्या पायांजवळची जागा पूर्णपणे मोकळी, जणू राखून ठेवलेली असते. तेथे जावे, दोन घाव घालावे, तिसऱ्याचा मोह टाळावा आणि बाजूला व्हावे. तिसरा घाव हाच या खेळातील सर्व उमेदवारांचा वैरी. पक्षी त्या मानाने सज्जन म्हणावा लागेल. या पक्ष्याचे धावणे, वळणे, शेपटी झाडणे आणि अग्निगोळे टाकणे हेच पुढे रथालोस नावाच्या श्वापदामध्ये आणि त्याच्या जातभाईंमध्ये अधिक भव्य आकारात, अधिक कठोर कवचात आणि पुष्कळच कमी विनोदाने पुन्हा भेटते. तेव्हा ज्याने गुरुजींच्या पायाशी बसण्याऐवजी अक्षरशः पायाशी उभे राहून अध्ययन केले असेल, त्याला ते पाठ नव्याने गिरवावे लागत नाहीत. शेवटी ते भव्य कान मिटतात. कान मिटणे म्हणजे शक्ती संपत आल्याची खूण. गुरुजी लंगडत घरट्याकडे निघतात, आणि त्या जाणत्या, दमलेल्या पक्ष्याच्या मागे सहाणेवर धार लावून निघताना उमेदवाराला थोडीशी लाज वाटते, पण ती चामडे सोलण्याच्या आड येत नाही.

त्या चामड्याचे पुढे चिलखत होते, आणि चिलखतातून कौशल्ये मिळतात; पण तेथेही कचेरी आडवी येतेच. प्रत्येक तुकड्याला गुण असतात, गुणांची बेरीज 10 झाली तरच कौशल्य मंजूर होते. 9 गुण झाले तर काहीही मिळत नाही. उणे 10 झाले तर मात्र दोष तत्काळ मंजूर होतो, त्याला विलंब लागत नाही.

चौघांनी मिळून खेळण्याची सोय आहे, आणि जपानात या खेळाचा जो प्रसार झाला तो आगगाडीत, उपाहारगृहात जवळ जवळ बसून, बिनतारी जोडलेल्या यंत्रांवर एकत्र शिकार करणाऱ्या मंडळींमुळेच. तथापि नवशिक्याने सोबतीवर फार विसंबू नये. चौघांच्या शिकारीची कामे जेथे मिळतात त्या संघगृहातील श्वापदे चौघांच्या हिशेबाने दणकट केलेली असतात. एकटा गेला तरी त्यांची शक्ती पैभराने कमी होत नाही. उलट बेशुद्धीची तीन खेपांची सवड मात्र चौघांत सामायिक. एकाच उत्साही उमेदवाराने ती तिन्ही खाती आपल्या नावे वापरून टाकली की उरलेले तिघे, अंगावर ओरखडाही नसताना, घरी पाठविले जातात. त्यातून मोठ्या तलवारीचा वरचा फटकारा मित्राला लागला तर मित्र हवेत उंच उडतो. तो खाली येताना काय बोलतो याची नोंद यंत्र ठेवीत नाही, पण उपाहारगृह ठेवते.

आता थोडे चुकीचे माप निर्मात्यांच्या पदरात घालणेही आवश्यक आहे. आरंभीच्या सर्वच कंटाळ्याला शिक्षण म्हणणे हा भाविकपणा होईल. वनस्पती वेचण्याच्या पाचव्या मोहिमेत पहिल्या मोहिमेपेक्षा नवे असे काही शिकण्यासारखे नसते. ती नुसती हजेरी असते, आणि हजेरीला कसोटी समजण्याची चूक या निर्मात्यांनी सढळ हाताने केलेली आहे. प्लेसिओथ नावाच्या मत्स्यासुराचा कंबरेचा धक्का, जो नजरेला स्पष्टपणे दूर गेलेला दिसत असताही शिकाऱ्याला लागतो, त्याचे समर्थन तर मी कोणत्याही न्यायासनापुढे करणार नाही. त्याच कंपनीने 2018 साली ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ काढला तेव्हा यांतील पुष्कळ जाच रद्द केले: औषध चालता चालता पिता येऊ लागले, सहाण संपेनाशी झाली, कुदळ मोडेनाशी झाली, आणि श्वापदाचा माग काजव्यांनी दाखवावा अशी व्यवस्था झाली. गिऱ्हाइकांची संख्या अर्थातच अतोनात वाढली. मी त्या सुधारणांच्या विरुद्ध नाही. परंतु चालता चालता औषध पिणाऱ्या शिकाऱ्याला बुलफँगोचे भय उरत नाही, आणि ज्याला डुकराचे भय नाही तो आपण कोठे उभे आहोत याचा विचार न करताच बाटली काढतो. म्हणजे सुखसोय म्हणून जे दिले त्याबरोबर पहिल्या इयत्तेचे अर्धे पुस्तक फाडून नेले, एवढे मात्र नमूद करून ठेवतो.

गुरुजींच्या चामड्याचे नवे, गुलाबी चिलखत अंगावर चढवून जो उमेदवार पोक्केच्या रस्त्यावर छाती काढून हिंडू लागतो, त्याच्यासाठी म्हातारीच्या दप्तरात एक निरुपद्रवी कागद असतोच. पोपोच्या जिभा आणून द्याव्यात, एवढेच काम. पोपो स्वभावाने गरीब, जागा ओळखीची, बर्फ नेहमीचे. एखाद-दुसरी जीभ पिशवीत पडते न पडते तोच डोंगराच्या कड्यावरून निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, चार पायांवर वादळासारखा धावणारा, ज्याचे नाव टायग्रेक्स आहे असा एक प्राणी उतरतो, आणि खेळाच्या प्रस्तावनेत आपल्याला कड्यावरून खाली फेकणारा हाच तो, हे उमेदवाराच्या ध्यानात येईपर्यंत मांजरांची गाडी निघालेलीही असते. हा वळतो तेव्हा तोंडावर पडत नाही. वळून पुन्हा धावतो, आणि पुन्हा वळतो. दोन घाव आणि माघार हे गणित येथे दोनावर पोहोचतच नाही. दुसऱ्या खेपेस उमेदवार तलवार पाठीवरच ठेवतो, खडकाआडून वाकून चालतो, पोपोच्या कळपाशी लगबगीने काम उरकतो, गर्जना ऐकू येताच शेजारच्या विभागात उडी घेतो, आणि छावणीतल्या तांबड्या पेटीत एकेक जीभ टाकीत सुटतो. शेवटची जीभ पेटीत पडली की मोहीम फत्ते झाल्याचे जाहीर होते, एक खेप वजा करून इनाम मिळते, आणि टायग्रेक्सविषयी कागदावर अवाक्षरही येत नाही, कारण अर्जदाराने मागितल्या होत्या त्या जिभा.